चावी ओळखेना की करंट पोचेना? जुन्या गाड्यांच्या निदानाचा आढावा

दहा-बारा वर्षे वापरलेली गाडी एका सकाळी स्टार्ट घेत नाही. सेल्फ फिरतो, मीटरवर चावीचे चिन्ह भराभर लुकलुकते, इंजिन एक-दोन सेकंद धरते आणि बंद पडते. चावीवाला म्हणतो, ईसीएम, म्हणजे इंजिनचे कंट्रोल युनिट, गेला असेल. सर्व्हिस सेंटर पूर्ण सेट बदलण्याचा खर्च सांगते. कोपऱ्यावरचा वायरमन बॅटरीचे टर्मिनल घासून गाडी चालू करून देतो आणि आठवड्याने ती पुन्हा उभी राहते. तिघेही आपापल्या अनुभवाला धरूनच बोलत असतात. फक्त प्रत्येकाने तपासाची सुरुवात वेगळ्या टोकाने केलेली असते.

सेकंडहँड गाड्यांच्या बाजारात आज जी गाडी 'जुनी' म्हणून विकली जाते, तिच्यात चिपची चावी, दोन-चार कंट्रोल युनिट आणि त्यांना जोडणारे वायरिंग असतेच. तिच्या विजेच्या आणि चावीच्या तक्रारींचे निदान कुठून सुरू करावे, कुठपर्यंत न्यावे आणि त्यासाठी लागणारी माहिती कोणाच्या हाती असावी, यावर कारागीर, कंपन्या आणि सुरक्षेचे अभ्यासक यांच्यात बराच काळ वाद चालू आहे.

चावीत चिप कशी आली

सुरुवात अमेरिकेत झाली. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट मॉडेलमध्ये चावीच्या पात्यातच एक रेझिस्टर बसवला. गाडी त्याचा रोध मोजायची आणि तो जुळला तरच स्टार्ट घ्यायची. मात्र रोधाच्या किमती पंधराच होत्या, त्यामुळे पंधरा चाव्या जवळ असलेल्या चोराला थोडा धीर धरला की पुरत असे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात गाडीचोऱ्या वाढल्या आणि जर्मन विमा कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक अडसराचा, म्हणजे इमोबिलायझरचा, आग्रह धरला. युरोपीय संघाच्या १९९५ च्या निर्देशानंतर ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये आणि कॅनडाने २००७ मध्ये तोच मार्ग धरला. अमेरिकेने सक्ती केली नाही. भारतात तो २००० नंतरच्या दशकात एकेका मॉडेलमधून हळूहळू पसरला. म्हणून आपल्याकडे एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या वरच्या प्रकारात चिप आणि खालच्या प्रकारात साधी चावी, असेही आढळते. चावीवाल्याने पहिला प्रश्न 'कुठले मॉडेल, कुठला प्रकार' असा विचारण्यामागे हे कारण आहे.

इमोबिलायझरची रचना मोजक्या भागांची आहे. चावीच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेची एक कॉइल असते. चावी फिरवली की कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तयार करते. त्या क्षेत्रातूनच चावीतल्या चिपला ऊर्जा मिळते आणि चिप आपला क्रमांक कळवते. नंतरच्या पिढ्यांमध्ये ती गाडीने विचारलेल्या गुप्त प्रश्नाचे उत्तर देते. उत्तर जुळले तर इमोबिलायझर ईसीएमला परवानगी देतो आणि इंजेक्टर चालू राहतात.

ही व्यवस्था उपयोगी ठरली का, यावर आता फारसे दुमत नाही. व्हॅन औरस आणि व्होलार्ड या अर्थशास्त्रज्ञांनी नेदरलँड्समधल्या चोऱ्यांचा अभ्यास केला. १९९५ ते २००८ या काळात इमोबिलायझरमुळे गाडीचोरीचे प्रमाण सरासरी सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असा त्यांचा अंदाज आहे. उलट बाजूचा पुरावा अमेरिकेतून आला. तिथल्या २०१५ च्या मॉडेलांपैकी ह्युंदाई-किया वगळता इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलांत इमोबिलायझर होता, या दोन कंपन्यांच्या मात्र २६ टक्क्यांतच. २०२१ नंतर यूएसबी केबलच्या टोकाने इग्निशन फिरवून या गाड्या चोरण्याची लाट आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर दुरुस्ती जाहीर करावी लागली.

वाद आहे तो ही व्यवस्था म्हातारी झाल्यावर काय करायचे याचा. चोराला अडवणारे यंत्र पंधराव्या वर्षी मालकालाही अडवू लागते, आणि समोरचा माणूस चोर आहे की मालक हे त्याला कळत नाही.

एका खोक्यात दोन यंत्रे

निदानातला पहिला मोठा गोंधळ चावीपासूनच सुरू होतो. रिमोटची बटणे आणि चिप एकाच प्लास्टिकच्या कवचात असली, तरी बहुतेक जुन्या चाव्यांमध्ये दोघांचे काम स्वतंत्र असते. बटणांना नाण्याएवढा सेल लागतो आणि त्यांचा संदेश भारतात साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर जातो. चिपला सेल लागत नाही. त्यामुळे 'रिमोट चालतो, म्हणजे चावी ठीक आहे' हा निष्कर्ष चुकीचा आणि 'सेल संपला म्हणून गाडी सुरू होत नाही' हाही बहुधा चुकीचा. अपवाद बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांचा. तिथे गाडी चावीला हाक मारते आणि चावी सेलच्या जोरावर उत्तर देते. त्या गाड्यांतही सेल संपला तर चावी स्टार्ट बटणाला टेकवून किंवा ठरलेल्या खाचेत ठेवून काम भागावे, अशी सोय बहुतेक कंपन्यांनी ठेवलेली असते. ती खाच कुठे आहे हे गाडीच्या पुस्तिकेत असते, आणि सेकंडहँड गाडीबरोबर पुस्तिका क्वचितच मिळते.

जुन्या चावीचे कवच तुटले की लोक बाजारातून नवे कवच आणतात. पाते आणि सर्किट नव्या कवचात जाते, पण काही चाव्यांमध्ये चिप सर्किटवर नसते. काळ्या कोळशाच्या चिमुकल्या वडीसारखी किंवा काचेच्या बारीक नळीसारखी ती कवचाच्या एका कप्प्यात वेगळी बसवलेली असते. ती जुन्या कवचासह कचऱ्यात जाते. नवी चकचकीत चावी दार उघडते, सेल्फही फिरवते, फक्त इंजिन धरत नाही. अनेक महागड्या तपासण्यांचा शेवट या रिकाम्या कप्प्यापाशी झालेला आहे.

म्हणून दुसरी चावी हे निदानाचे सर्वांत स्वस्त साधन ठरते. दुसऱ्या चावीने गाडी सुरू झाली तर दोष पहिल्या चावीत आहे. दोन्ही चाव्या नाकारल्या गेल्या तर कॉइल, इमोबिलायझर, त्याचा वीजपुरवठा किंवा ईसीएमपर्यंतची वायर यांच्याकडे वळावे लागते. एकाच रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती आधी बाजूला काढावी, कारण दोन चिपांची उत्तरे एकमेकांत मिसळू शकतात. काही कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये तशी सूचनाही असते. रिमोटच्या बाबतीत परिसरातला अडथळाही विचारात घ्यावा लागतो. २०१९ मध्ये ओहायोतील नॉर्थ ओल्मस्टेड भागात अनेकांचे रिमोट आणि गॅरेजची दारे अचानक चालेनाशी झाली. शोधाअंती कारण निघाले एका रहिवाशाने घरी बनवलेले, ३१५ मेगाहर्ट्झवर अखंड प्रसारण करणारे उपकरण.

'आधी मीटर' म्हणणारे

जुन्या गाड्यांवर आयुष्य काढलेल्या बहुतेक ऑटो इलेक्ट्रिशियनांचे म्हणणे असे की, बॅटरी, अर्थिंग आणि कपलर तपासल्याशिवाय चावीचे नाव घेऊ नये. त्यांच्या बाजूने भौतिकशास्त्र भक्कम उभे आहे. कॉइल आणि चिप यांच्यातला संवाद क्षीण असतो आणि तो नेमका त्या क्षणी होतो, जेव्हा सेल्फ बॅटरीतून शेकडो अँपिअर ओढत असतो किंवा ओढायच्या बेतात असतो. दाब घसरला की सर्वांत आधी कंट्रोल युनिट गडबडतात. दिवे मंद होतात, घड्याळ शून्यावर जाते, चावीचे चिन्ह लुकलुकते, आणि दोष चावीवर येतो.

त्यांचे आकडे असे. विश्रांतीत असलेली पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना दाब साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसले तर डायनामो ठीक.

पण बॅटरी चांगली असूनही गाडी अडते तेव्हा दाब वाटेत कुठे हरवतो ते पाहावे लागते. समजा, सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांवर १०.४ व्होल्ट दिसले. नवी बॅटरी विकणारा इथेच समाधानी होईल. आता मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनस टोकावर आणि लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर उघड्या धातूला टेकवून पुन्हा सेल्फ मारायला सांगितले, तर आकडा शून्याजवळ यायला हवा. ०.२ व्होल्टपर्यंत चालते. तिथे ०.९ दिसला, तर ब्लॉकवरून अर्थ घेणाऱ्या युनिटला प्रत्यक्षात साडेनऊ व्होल्टच मिळत आहेत. दोष त्या वेणीसारख्या अर्थ-पट्टीत आहे, जिच्या बोल्टखाली हिरवी-पांढरी पूड जमलेली असते. पट्टी काढून, पत्रा घासून पुन्हा आवळली की चावी 'सुधारते'. वायर तुटलेली नसल्यामुळे नुसता टेस्ट लॅम्प लावला तर तो छान पेटतो आणि कारागीर फसतो. गंजलेल्या जोडातून छोट्या दिव्यापुरता करंट जातो, सेल्फपुरता जात नाही.

रात्रभरात बॅटरी बसणे हा याच घराण्यातला दुसरा विकार. बंद गाडीने साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंत करंट घ्यावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. तेवढ्यानेही महिन्यात ३६ अँपिअर-तास खर्च होतात आणि ४५ अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ रिकामी होते. जुन्या गाडीत मागच्या मालकांनी बसवलेला म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर, डॅशकॅम असा बराच ऐवज असतो. म्युझिक सिस्टीमची कायम करंटची पिवळी वायर आणि चावीबरोबर चालू होणारी लाल वायर एकत्र पिळून टाकलेली असणे, हा नेहमीचा नमुना. गळती शोधताना पूर्वीची पद्धत एकेक फ्यूज काढून बघण्याची होती. आधुनिक गाडीत फ्यूज काढला-घातला की झोपलेली युनिट जागी होतात आणि मोजमाप फसते. म्हणून आता दार बंद असल्याचे भासवून, गाडी अर्धा-पाऊण तास शांत ठेवून, फ्यूज न काढता त्याच्या दोन टोकांमधले मिलिव्होल्ट मोजण्याची पद्धत रुळते आहे.

महाराष्ट्रात या बाजूच्या म्हणण्याला हवामानही दुजोरा देते. किनारपट्टीची खारी हवा कपलरमधल्या पिना खाते. २६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चे सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ चे चिपळूण, अशा प्रत्येक पुरानंतर पाण्यात बुडालेल्या गाड्या स्वच्छ होऊन पुन्हा बाजारात येतात. सीट धुऊन वाळतात, पण कार्पेटखालच्या वायरिंगमध्ये शिरलेले गढूळ पाणी वर्षभराने त्रास द्यायला लागते. पार्किंगमधले उंदीर वेगळेच. होंडाने तर उंदरांना दूर ठेवण्यासाठी मिरचीतला तिखट घटक घातलेली वायरिंगची टेप विकायला ठेवली आहे.

'आधी स्कॅनर' म्हणणारे

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच ठोस आहे. ज्या गाडीत दहा युनिट एकमेकांशी बोलतात, तिथे प्रत्येक जोड मीटरने तपासत बसणे शक्य नाही. युनिटने स्वतः नोंदवलेली तक्रार आधी ऐकावी. बॉशने १९८६ मध्ये मांडलेली कॅन ही दोन तारांची जोडणी १९९१ च्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये प्रथम आली आणि पुढच्या दोन दशकांत छोट्या गाड्यांपर्यंत पोचली. तिच्यामुळे दोष आणि लक्षण यांच्यातले अंतर वाढले. मागच्या दिव्याच्या कपलरमध्ये पाणी शिरते आणि मीटरवर भलताच इशारा दिसतो.

इथे गाडीचे वय आणि नोंदणीचे ठिकाण दोन्ही महत्त्वाचे ठरतात. अमेरिकेत ओबीडी-२ हा निदानाचा सामायिक मार्ग १९९६ पासून सक्तीचा आहे. भारतात तो बीएस-४ या प्रदूषण-मानकाबरोबर आला. पहिला टप्पा एप्रिल २०१० चा, दुसरा एप्रिल २०१३ चा. बीएस-४ आधी निवडक शहरांत लागू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर होते. देशभर ते १ एप्रिल २०१७ ला पोचले. त्यामुळे २०११ ची पुण्यात नोंदलेली गाडी आणि त्याच वर्षाची त्याच नावाची कोल्हापूरची गाडी स्कॅनरला सारखीच उत्तरे देतील याची खात्री नसते. सोळा पिनांचे सॉकेट दिसले म्हणजे आत सगळे प्रमाणानुसार आहे, असेही नाही.

स्कॅनर किती नेमका असू शकतो याचे उत्तम उदाहरण फोर्डच्या पॅट्स या जुन्या इमोबिलायझर प्रणालीत मिळते. बी१६०० म्हणजे चिपचा संदेशच मिळाला नाही. बी१६०१ म्हणजे संदेश मिळाला, पण ही चावी गाडीला ठाऊक नाही. बी१६०२ म्हणजे संदेश अर्धवट आला. तीन कोड, तीन वेगळ्या दिशा. पहिल्यात चिप हरवली असेल किंवा कॉइल तुटली असेल, दुसऱ्यात चावी शिकवावी लागेल, तिसऱ्यात अडथळा किंवा कमकुवत चिप शोधावी लागेल. मीटर घेऊन बसलेल्या माणसाला हे वर्गीकरण करायला पूर्ण दिवस लागेल.

पण हे कोड वाचायला योग्य यंत्र हवे. बाजारात स्वस्तात मिळणारे ब्लूटूथ स्कॅनर प्रदूषणाशी संबंधित, म्हणजे मुख्यतः इंजिनचे 'पी' अक्षराचे सामायिक कोड वाचतात. बॉडीचे 'बी', युनिटांमधल्या संवादाचे 'यू' आणि कंपनीचे स्वतःचे कोड त्यांना बहुधा दिसत नाहीत. सामायिक यादीत पी०५१३ हा चुकीच्या चावीचा कोड आहे खरा, पण अनेक कंपन्या तो वापरतच नाहीत. म्हणून 'स्कॅनर लावला, काही निघाले नाही' या वाक्याला कुठला स्कॅनर होता हे कळेपर्यंत अर्थ नसतो.

दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. कोड सर्किटचे नाव सांगतो, खराब भागाचे नाही. क्रँक सेन्सरचा पी०३३५ आला म्हणून सेन्सर बदलला जातो आणि दोष त्याच्या कपलरमध्ये निघतो. शिवाय क्रँक सेन्सर गेला तरी सेल्फ फिरतो आणि गाडी धरत नाही, म्हणजे लक्षण हुबेहूब चावीच्या दोषासारखेच. फरक एवढाच, की तिथे चावीचे चिन्ह नेहमीसारखे विझते. युरोपातल्या दुसऱ्या पिढीच्या फोर्ड फोकसमध्ये गाजलेला दोष तर या वादाच्या बरोबर मधोमध बसतो. मीटरच्या मागच्या कपलरचे सोल्डर जोड वयाने तडकत. इमोबिलायझर मीटरच्या आतच असल्यामुळे गाडी सुरू होत नसे. स्कॅनर संवाद तुटल्याचे सांगे आणि मीटरवर हाताने थाप मारली की गाडी चालू होई. कोड खरा होता, तरी जोड सापडायला हात आणि भिंगच लागले.

या दोन्ही बाजू प्रत्यक्ष कामात जवळ येत आहेत. कॅनच्या तारांवर बॅटरी सोडवून, सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये ६० ओहम मोजणे ही मल्टिमीटरची चाचणी आहे, पण ती करायची बुद्धी 'यू' कोड पाहून होते. १२० ओहम दिसले तर दोन टोकांपैकी एक सुटलेले, शून्याजवळ दिसले तर तारा चिकटलेल्या. आधी बॅटरी आणि अर्थिंगची पाच मिनिटांची तपासणी, मग सर्व युनिटांचे कोड लिहून घेणे, मग ते पुसून पुन्हा कोणते येतात ते पाहणे, आणि त्यानंतरच पाना हातात घेणे, हा क्रम आज सर्वांत सयुक्तिक दिसतो. कोड लिहून न घेता पुसणे ही गॅरेजांमधली सवय मात्र निदानाची सर्वांत मोठी हानी करते.

'बदलून बघू' या परंपरेचे काय झाले

पुण्यातल्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुना भाग शोधून, तो लावून बघायचा, ही पद्धत कार्ब्युरेटरच्या काळात उत्तम चालत असे. इमोबिलायझरने तिचा पाया काढून घेतला. ईसीएम, इमोबिलायझर आणि चाव्या एकमेकांशी बांधलेल्या असतात. भंगारातून आणलेला चांगला ईसीएमही परक्या गाडीत गप्प बसतो, आणि कारागीर तोही बिघडलेला समजून बाजूला ठेवतो. म्हणून जाणते लोक आता पूर्ण सेट उचलतात, म्हणजे एकाच गाडीचा ईसीएम, इमोबिलायझर आणि चावी किंवा निदान तिची चिप.

बदललेल्या भागांनी उभा केलेला आणखी एक प्रश्न सेकंडहँड गाड्यांपुरताच आहे. काही गाड्यांमध्ये किलोमीटरचा आकडा आणि चाव्यांची माहिती मीटरमधल्या एकाच मेमरी चिपवर साठवलेली असते. किलोमीटर मागे घेण्यासाठी ती चिप कोणी छेडली असेल, तर चावीची माहितीही बिघडू शकते. अशा गाडीत चावीची तक्रार ही मागच्या व्यवहारातल्या फसवणुकीची खूण असू शकते. तपासणाऱ्याने मीटरचे स्क्रू आधी कोणी उघडलेत का, हे पाहिले पाहिजे.

भाग बदलताना त्याचा क्रमांक जुळला म्हणजे भाग तोच, हा विश्वासही एका प्रकरणाने हलवला. जनरल मोटर्सच्या शेव्हरले कोबाल्टसारख्या गाड्यांमध्ये इग्निशन स्विच इतका सैल होता की जड किचेनच्या ओझ्याने किंवा धक्क्याने तो चालत्या गाडीत मागे फिरत असे. इंजिन, पॉवर स्टेअरिंग आणि एअरबॅग एकदम निकामी होत. फ्लोरिडातील अभियंता मार्क हूड यांनी अपघातग्रस्त गाडीतला स्विच आणि त्याच क्रमांकाचा बाजारातून आणलेला नवा स्विच उघडून शेजारी ठेवले. नव्यात आतला दट्ट्या लांब आणि स्प्रिंग कडक होती. कंपनीने भाग २००६ मध्ये सुधारला होता, क्रमांक मात्र बदलला नव्हता. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि भरपाई निधीने १२४ मृत्यू या दोषाशी जोडले. अधूनमधून उद्भवणारा विजेचा दोष किती वर्षे 'सापडत नाही' म्हणून पडून राहू शकतो, याचे हे सर्वांत वेदनादायक उदाहरण आहे. जुन्या गाडीच्या चावीला पाच-सहा चाव्यांचा जुडगा लटकवू नये, या सल्ल्यामागचे कारणही त्यातून कळते.

इमोबिलायझर काढून टाकावा का

चावी हरवली, कंपनीकडून सेट महाग पडतो, गाडीची किंमतच लाख-दीड लाख. अशा वेळी ईसीएममधल्या मेमरीत बदल करून इमोबिलायझर बंद करून देणारे कारागीर मोठ्या शहरांत सहज भेटतात. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी आहे. गाडी जुनी आहे, भाग मिळत नाहीत, मालकाला रोज कामावर जायचे आहे. यात खोटे काही नाही.

विरोधकांचे मुद्दे तीन. पहिला, अशा गाडीला कुठलीही कापलेली चावी चालते, आणि इमोबिलायझर नसलेल्या गाड्यांचे काय होते ते अमेरिकेत दिसलेच आहे. दुसरा विम्याचा. चोरीच्या दाव्यात विमा कंपन्या सर्वसाधारणपणे दोन्ही चाव्या मागतात आणि गाडीत केलेले बदल तपासतात. तिसरा निदानाचा, आणि आढावा घेताना तोच सर्वांत वजनदार वाटतो. पुढच्या मालकाला हा बदल ठाऊक नसतो. पाच वर्षांनी गाडी बंद पडली की त्या वेळचा कारागीर नसलेल्या इमोबिलायझरचा माग काढत बसतो. हा मार्ग कोणी पत्करलाच, तर निदान जॉब कार्डवर तारीख घालून त्याची नोंद झाली पाहिजे.

मधला पर्याय क्लोनिंगचा. चालू चावीच्या चिपची हुबेहूब नक्कल केली की गाडीला काही शिकवावे लागत नाही. नव्या क्रमांकाची चावी गाडीच्या यादीत घालणे हा वेगळा प्रकार. त्यासाठी गाडीचा गुप्त पिन क्रमांक किंवा कंपनीचे यंत्र लागते, पण हरवलेली चावी यादीतून कायमची काढता येते. क्लोन केलेल्या चावीत ते शक्य नाही, कारण गाडीच्या लेखी त्या दोन्ही चाव्या एकच आहेत.

माहिती कोणाकडे असावी

इथे प्रश्न गॅरेजच्या बाहेर जातो. कंपन्या म्हणतात, चावी शिकवण्याची माहिती मोकळी केली तर ती चोरांच्याही हाती पडेल. अभ्यासक दाखवून देतात की गुप्ततेने ती फार काळ राखता आलेली नाही. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज यांच्या संशोधकांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ४० बिटांच्या चिपचे गुपित फोडले. २०१२ मध्ये हायटॅग-२ या चिपची पाळी आली. मेगामॉस चिपवरचा शोधनिबंध फोक्सवॅगनच्या मागणीवरून ब्रिटिश न्यायालयाने २०१३ मध्ये रोखला. तो दोन वर्षांनी, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या चिपांच्या गाड्या मात्र रस्त्यावरच राहिल्या.

अमेरिकेने मधला मार्ग काढला. नॅस्टफ या संस्थेकडे पार्श्वभूमी तपासून नोंदलेल्या चावीवाल्यांना आणि कारागिरांना कंपन्यांची सुरक्षा-माहिती मिळते आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. युरोपात सर्मी ही तशीच मान्यता-व्यवस्था उभी राहिली आहे.

भारतात स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि सुटे भाग तसेच निदानाची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करा, असे बजावले. निकालाला आव्हाने दिली गेली आणि प्रकरण अपिलांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या पोर्टलमध्ये वाहन क्षेत्राचा समावेश आहे. मात्र चावीच्या माहितीसाठी नोंदणीकृत, तपासलेल्या कारागिरांची सर्वमान्य व्यवस्था अजून दिसत नाही. चावीवाला एकतर परदेशी यंत्रांवर विसंबतो किंवा मालकाला सर्व्हिस सेंटरकडे पाठवतो.

काय सुटलेले नाही

सर्वांत अवघड प्रश्न अधूनमधून येणाऱ्या दोषांचा. तपासाच्या वेळी गाडी सुरू होते, कोड नसतो, मीटर सगळे ठीक दाखवते. पावसाळी सकाळ, गरम इंजिन, उतारावरचे पार्किंग, इंधन भरल्यानंतरचे पहिले स्टार्ट, अशा परिस्थितीची मालकाने ठेवलेली नोंद इथे कोणत्याही यंत्राइतकी कामाची ठरते. पण ती घेण्याची ठरीव पद्धत गॅरेजांत नाही, आणि खरेदीच्या वेळी गाडीबरोबर ती पुढे सरकत नाही.

दुसरा प्रश्न निघून गेलेल्या कंपन्यांचा. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. शेव्हरले बीट पुणे जिल्ह्यातल्या तळेगावला बनत असे. फियाटच्या पुंटो आणि लिनिया रांजणगावला बनत, आज त्या बनत नाहीत. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. या गाड्या अजून हजारोंनी धावत आहेत. सेवा चालू असली तरी त्यांच्या चाव्यांचे पिन आणि प्रोग्रॅमिंगची व्यवस्था आणखी दहा वर्षांनी कोणाच्या सर्व्हरवर असेल, हे कुठल्याही नियमाने बांधलेले नाही. अशी गाडी घेताना दोन्ही चाव्या, चावीच्या क्रमांकाची धातूची पट्टी आणि असल्यास कोडचे कार्ड मागून घेणे, एवढे आज खरेदीदाराच्या हातात आहे.

तिसरा प्रश्न आत्ताच दार ठोठावतो आहे. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी दूरवरून जीप चेरोकीचा ताबा घेऊन दाखवला आणि १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर फियाट-क्रायस्लरने २०१८ च्या मॉडेलांपासून स्कॅनरचे सॉकेट आणि गाडीतले युनिट यांच्यामध्ये सुरक्षित गेटवे बसवायला सुरुवात केली. त्यातून कोड वाचता येतात, पण ते पुसायला किंवा युनिटला आज्ञा द्यायला नोंदणीकृत परवानगी लागते. अमेरिकेत स्वतंत्र गॅरेज शुल्क भरून ती घेऊ शकते. अशा गाड्या आता वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात येऊ लागल्या आहेत. त्यांची बॅटरी, अर्थिंग आणि कॉइल कोणीही जाणता वायरमन तपासू शकेल. परवानगीचा अर्ज त्याने कोणाकडे आणि कोणत्या ओळखपत्रावर करायचा, ते इथे अजून ठरायचे आहे.